पाठमोरीने पाठ का फिरवली

साकुरदऱ्याला एसटीतून उतरलं की आधी कडा दिसतो, मग गाव. गावाच्या डोक्यावर सरळ उभा असलेला काळा कातळ, आणि पाऊस सरला की त्यावर ओलाव्याचा डाग म्हणून सापडत नाही. कड्याच्या बरोबर मधून एक तांबडी पट्टी आडवी गेली आहे, काळ्या लुगड्याला तांबडा काठ असावा तशी. डोंगराला तासभर चालून वळसा घातला की मात्र तोच डोंगर ओळखू येत नाही. तिकडे सोपा उतार आहे, उंबर आणि जांभळीची दाटी आहे, आणि भर वैशाखात दहा ठिकाणी पाणी पाझरतं. तिथे पाथरवटवाडी आहे. डोंगराचं नाव पाठमोरी. गावाकडे त्याची पाठ आहे, म्हणून.

भूगोल शिकणारी कॉलेजची मुलं इथे हातोड्या घेऊन येतात. त्यांचे सर सांगतात की हा सगळा मुलूख कधीकाळी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या आगीच्या रसाचा. रस पसरला, थिजला, त्यावर पुन्हा रस आला, असे थरावर थर चढले. मधल्या काळात वर माती धरली, ती पुढच्या रसाने भाजून निघाली, तीच ही तांबडी पट्टी. शाळेच्या ओट्यावर बसलेले सावळाराम आबा पाटील हे सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "तुमचे सर बरोबर सांगत्यात. धरतीनं आगीचं सारवण घातलं, एकावर एक. पण डोंगराचं तोंड पल्याड का, ते काय पुस्तकात नसतं." मग ते टोपी सारखी करतात आणि सांगू लागतात.

फार मागे, गावाला वेस होती आणि वेशीला दार होतं त्या काळात, हा डोंगर गावाकडे तोंड करून बसलेला होता म्हणे. आज पलीकडे आहे तो उतार तेव्हा इकडे होता, त्याची माची गावाच्या अंगणात उतरल्यासारखी दिसायची. पण झरे होळीपर्यंतच टिकत. पुढे बायकांना दीड कोस नदीवर जावं लागे. पाथरवट वेशीबाहेर राहत. गावातलं प्रत्येक जातं, प्रत्येक उखळ, देवळातली पायरीसुद्धा त्यांच्या हातची. पण पाणवठ्यावर त्यांनी हात लावायचा नाही असा दंडक होता. गावातल्या कुणी वरून ओतलं तर घागर भरायची, नाहीतर थांबायचं.

लखबा हा त्या पाथरवटांचा म्होरक्या. त्याची एकुलती एक मुलगी धुरपा. धुरपा सात वर्षांची असताना तिची आई अशीच एका दुपारी रिकामी घागर घेऊन पाणवठ्यावर थांबली. लग्नसराईचे दिवस होते, ज्याला त्याला घाई. ओततो म्हणत सगळे गेले. ती उन्हात बसून राहिली, संध्याकाळी तापली आणि चौथ्या दिवशी गेली. धुरपाने ती घागर कधी टाकू दिली नाही. झोपडीच्या कोपऱ्यात ती पालथी असायची, आणि घरात आईचं नाव कुणी काढत नसे.

लखबाने मुलीला दगड शिकवला. "आधी कान लाव, मग हात," तो सांगायचा. हातोडीने ठोकून ती आवाज ऐकायची. भरीव दगड खणकन बोलतो, भेगाळलेला घशात बोलतो, आणि पाणी प्यालेला दगड बोलतच नाही. वयाच्या अठराव्या वर्षी तिचा कान बापापेक्षा तयार झाला होता. लखबा हे चारचौघांत अभिमानाने सांगायचा.

एका वैशाखात ती माचीवर दगड हेरत फिरत असताना तिला मधमाश्या दिसल्या. आसपास एक फूल नाही, आणि माश्या मात्र खडकाकडे जात-येत होत्या. त्यांच्यामागे ती गेली. माचीच्या काठाला, जिथे तांबडी पट्टी उघडी पडली होती, तिथे बोटभर ओल होती. धुरपाने वरच्या कातळाला कान लावला, हातोडी मारली. दगड बोलला नाही. दहा पावलं पुढे मारली. तिथेही नाही. पन्नास पावलांपर्यंत सगळा खडक गप्प होता. ती तिथेच मटकन बसली आणि एकटीच हसली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पंच बसले असताना ती पारासमोर जाऊन उभी राहिली. लखबा मागे, मान खाली घालून.

सुभानजी पाटील म्हणाला, "लखबा, पोरीला आवर. पारावर बायकांचं काय काम?"

"पाण्याचं काम आहे, पाटील," धुरपा म्हणाली. "ते कोण करतं गावात? तुम्ही आणता का नदीवरनं?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पाटलाने तिकडे बघितलं, तसं हसू विरलं.

तिने मग सांगितलं. माचीवर टाकं खोदलं तर बारमाही पाणी लागेल, खोदायला पाथरवट तयार आहेत, आणि मजुरी नको. दोन शब्द मात्र हवेत. टाक्यातली पहिली घागर पाथरवटांची, आणि पुढे कायम आम्ही आमच्या हाताने, गावाच्याच पायरीवरून पाणी भरू. हा एक. तांबडीला कुणी छिन्नी लावायची नाही, हा दुसरा.

"तांबडीचं काय एवढं?" एका पंचाने विचारलं.

"वरचा दगड चाळणीसारखा आहे, तो पाऊस पितो," धुरपा म्हणाली. "तांबडी त्याच्याखाली अंथरलेली चटई. पाणी तिच्यावर येऊन थांबतं. तिच्याखालचा काळा दगड उभ्या भेगांचा. चटई फाटली तर पाणी पार डोंगराच्या पोटात जाईल आणि कुठं निघेल ते कुणाला सांगता यायचं नाही. आम्ही तांबडीच्या चार बोटं वर थांबू. तिथं थांबायचं म्हणजे थांबायचं."

त्या वर्षी नदीसुद्धा आटत आली होती. गुरवाला बोलावलं, त्याने बेलाचं पान आणि भंडारा आणला. पाटलाने बेलभंडार हातात घेऊन डोंगराकडे तोंड केलं आणि डोंगराला साक्ष ठेवून दोन्ही शब्द दिले. पाठोपाठ सगळ्या पंचांनी दिले. पाथरवटांच्या वतीने लखबानेही बेलभंडार उचलला. त्या संध्याकाळी धुरपाने कोपऱ्यातली पालथी घागर उचलली, चिंचेने घासली आणि सुलटी ठेवली.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. सहा महिने माचीवर टाकीचे घाव वाजत होते. धुरपाचे घाव सरळ पडत, लखबाचे डावीकडे कलत. त्याचा उजवा अंगठा तरुणपणी दगडाखाली सापडला होता, तेव्हापासून छिन्नी त्याच्या हातात थोडी तिरपी बसायची. टाक्याच्या भिंतीवर बापाचे आणि लेकीचे घाव शेजारी शेजारी होते, आणि ते पाहून कुठला कुणाचा हे लहान पोरसुद्धा सांगू शकत होतं. चैत्र लागला आणि भिंतींना घाम फुटला. आठ दिवसांत टाक्यात कमरेएवढं पाणी आलं. पहिली घागर आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भरायची ठरली, कारण आखितीला घरोघर पूर्वजांच्या नावाने पाण्याचे घट भरतात आणि धुरपाला तिच्या आईचा घट भरायचा होता.

पाणी नव्हतं तोवर शब्द देणं सोपं होतं. पाणी आल्यावर पारावर कुजबुज सुरू झाली. पाथरवट आपल्याच पायरीवर उतरणार? आपल्या घटात तेच पाणी? एक म्हातारा म्हणाला, माझ्या हयातीत नाही. दुसरा म्हणाला, पण बेलभंडार उचललाय. तेव्हा सुभानजी पाटलाने तोड काढली. टाक्यापासून दहा पावलांवर गावाचं वेगळं टाकं खोदायचं, तोंडाला अरुंद पण दुप्पट खोल, म्हणजे पाणी तिकडे जास्त येईल. पाथरवटांचं टाकं पाथरवटांना लखलाभ. ते आपल्या हाताने भरोत, नाहीतर पोहोत. शब्द मोडला असं कोण म्हणेल? सगळ्यांना ही युक्ती फार शहाणपणाची वाटली.

दुप्पट खोल म्हणजे तांबडीच्या खाली, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. एवढीशी पोर सांगते ते आपण का ऐकायचं, एवढाच प्रश्न होता.

पण खोदणार कोण? दगडाचं काम फक्त पाथरवटांना येत होतं.

आबा हा भाग दोन वाक्यांत उरकतात आणि घसा खाकरतात. वाडीतल्या बायका मात्र तो सावकाश सांगतात.

पाटलाने लखबाला एकट्याला बोलावलं. पारावर, स्वतःच्या शेजारी, घोंगडीवर बसवलं. लखबाच्या सात पिढ्यांत त्या घोंगडीवर कुणी बसलं नव्हतं. पाटलाने आपल्या हाताने त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं आणि म्हणाला, "लखबा, तू आमच्यातला जाणता माणूस. पोरगी गुणाची आहे, पण पोरगी आहे. तिचा शब्द चालवायचा का तुझा?"

लखबाने पागोट्याला हात लावून बघितला, एवढंच.

घरी येऊन त्याने धुरपाला सांगितलं, "छिन्न्या बोथट झाल्यात. घाटाखालच्या लोहाराकडं जा आणि धार लावून, पाणी देऊन आण. तो हात बरा मारतो."

"आपला लोहार काय मेला?" ती म्हणाली. "आणि आता काम कुठं राहिलंय, बा?"

"पायऱ्या राहिल्यात. जा म्हणतो तर जा."

जायला दोन दिवस, यायला दोन, आणि लोहाराकडे पंधरा दिवसांची रांग. ती खांद्यावर छिन्न्यांची झोळी टाकून निघाली. बापाने वाटेत खायला भाकरी बांधून दिली होती. एरवी भाकरी तीच बांधायची. घाट उतरताना तिला ते एकदा आठवलं, आणि बाला आपली काळजी वाटली म्हणून बरं वाटलं.

आखितीच्या दिवशी सूर्य डोक्यावर आला तेव्हा ती परत आली. घरी न जाता थेट माचीवर चढली. वर सगळं गाव जमलेलं होतं, घट घेऊन, घागरी घेऊन. तिचं टाकं कोरडं होतं. तळाशी ओला गाळ आणि त्यावर फडफडणाऱ्या दोन मधमाश्या. दहा पावलांवर दुसरं टाकं होतं, ताजं, अरुंद, दुप्पट खोल, तेही कोरडं. त्याच्या पोटात अर्ध्यावर तांबडी कापलेली दिसत होती, आणि तळाच्या काळ्या दगडात करंगळीएवढी भेग. पाणी तिथून गेलं होतं.

धुरपा त्या टाक्यात उतरली. कापलेल्या तांबडीवरून तिने हात फिरवला. घाव मोजूनमापून घातलेले होते, एकही वाया गेला नव्हता. सगळे डावीकडे कललेले.

ती वर आली तेव्हा तिचे हात तांबड्या मातीने माखले होते. तिने गर्दीत बापाला शोधलं. तो पंचांच्या रांगेत उभा होता, डोक्याला पागोटं.

"बा," ती म्हणाली, "छिन्न्या आणल्या. चांगलं पाणी दिलंय." आणि झोळी त्याच्या पायाशी ओतली.

पाटीलच पुढे झाला. "पोरी, जे झालं ते झालं. देवाच्या मनात नव्हतं. आम्ही काय वाईट व्हावं म्हणून केलं? आणि शब्द आम्ही मोडला नाही. तुमचं टाकं तुमच्याच हवाली होतं."

"तुमच्याशी माझं काही नाही, पाटील," धुरपा म्हणाली. "तुम्ही फसवणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तर बेलभंडार उचलायला लावला. मला वाटलं, तुम्ही एवढे पंच, तुमच्यातला एकतरी देवाला भिईल. आणि देवाला नाही भ्यालात, तर छिन्नी धरायला माणूस मिळणार नाही." मग ती बापाकडे वळली. "तुम्ही शिकवलेलं बा मला. कान लावायला तुम्हीच शिकवलं. आईनं ज्या घागरीपायी जीव सोडला ती घासून ठेवलेली दिसली नाही का तुम्हाला, जाता-येता?"

"वडीलधारी माणसं सांगत होती, धुरपे," लखबा कसाबसा म्हणाला. "त्यांनी काही विचार केला असेल वाटलं."

"आणि मी सांगत होते ते?"

असे सांगतात की त्या माचीवर तेव्हा वारासुद्धा थांबला होता.

धुरपाने घरी जाऊन घागर आणली. पुन्हा माचीवर आली, फुटलेल्या टाक्याच्या काठाला वाकली आणि मातीने माखलेला पंजा कातळावर टेकला. "साक्षीला तुला ठेवलं होतं," ती डोंगराला म्हणाली. "तू ऐकलंस, तू पाहिलंस. मी यांचं तोंड पुन्हा बघणार नाही. तू बघत बसणार असलास तर बस."

एवढं बोलून तिने घागर कमरेवर घेतली आणि माथ्याकडे चालू लागली. पाथरवटांच्या बायका पोरंबाळं घेऊन तिच्या मागे निघाल्या. पुरुष थोडा वेळ घुटमळले, मग तेही गेले. लखबाच्या पायांना मात्र जागा सोडवेना. ती माथ्याच्या पलीकडे दिसेनाशी झाली आणि डोंगराच्या पोटातून आवाज आला. प्रचंड जातं कुणीतरी ओढावं, तसा. गुरं दावी तोडून पळाली. भर उन्हात माचीवरचे लोक घट टाकून खाली धावले. जातं सूर्य कलेपर्यंत फिरत होतं म्हणे. थांबलं, तेव्हा गावासमोरून उतार गेला होता. तिथे कडा होता, काळा, कोरडा, आणि त्याच्या मधोमध तांबडी उघडी पडली होती. सगळ्या गावाला घरातून बाहेर पडल्याबरोबर ती दिसावी अशी.

पाणी पलीकडे निघालं. धुरपाच्या पायाखाली, दहा ठिकाणी.

पहिल्या वर्षी आखितीला गावाने पाटलाला पाठवलं. डोंगराला वळसा घालून तो वाडीत गेला आणि झऱ्याच्या पायरीखाली उभा राहिला. धुरपा घागर घेऊन वर उभी होती. तिने एवढंच विचारलं, "शब्द कुणी मोडला?" पाटील म्हणाला, "नशिबानं." तिने घागर ओतून दिली, दगडावर. त्या वर्षी गावात पूर्वजांचे घट रिकामे राहिले. दुसऱ्या वर्षी सगळे पंच गेले. "शब्द कुणी मोडला?" पंच म्हणाले, "लखबानं." तिने पुन्हा घागर दगडावर ओतली.

तिसऱ्या वर्षी लखबा एकटा गेला. पागोटं त्याने वाटेतच कुठेतरी काढून टाकलं होतं. उघड्या डोक्याने तो पायरीखाली उभा राहिला. लेकीने त्याला इतरांना विचारलं तसंच विचारलं.

"मी," तो म्हणाला.

मग तिने आईची घागर तिरपी केली आणि त्याचा घट काठोकाठ भरला. घरात ये, असं मात्र ती म्हणाली नाही. तो घट घेऊन परत गेला, आणि पुढे मरेपर्यंत दर आखितीला येत राहिला. ती दर वेळी पाणी देत राहिली. घरात ये, असं तिने कधीच म्हटलं नाही.

आजही साकुरदऱ्यात कुणी बेलभंडार उचलत नाही. आजही आखितीला गावातले सगळ्यात वडीलधारे पुरुष टोप्या-फेटे घरी ठेवून, अनवाणी, डोंगराला वळसा घालून वाडीवर जातात. झऱ्याच्या वरच्या पायरीवर वाडीतली एक मुलगी घागर घेऊन उभी असते. ती एकच प्रश्न विचारते, आणि उत्तर मिळाल्यावर घट भरते. सहलीला आलेली मुलं याचे फोटो काढतात.

यंदा वरच्या पायरीवर लक्ष्मण पाथरवटाची रेवू होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली. गेल्या वर्षी ग्रामसभेत नळाची लाईन वाडीपर्यंत न्यायचं ठरलं होतं, म्हणजे वाडीच्या झऱ्याचं पाणी टाकीत घेऊन गावाला आणि वाडीला सारखं द्यायचं. निळा पाइप झऱ्यापासून निघाला, डोंगराला वळसा घालून गावात पोहोचला. वाडीतल्या नळांना मात्र अजून पाणी नाही. ठरावावर पहिली सही सावळाराम आबांची होती.

आबा उघड्या डोक्याने खाली उभे राहिले. रेवूने विचारलं, "शब्द कुणी मोडला?"

"आमच्या पूर्वजांनी," आबा दरवर्षीप्रमाणे म्हणाले आणि घट पुढे केला.

रेवूने घागर कमरेवरून हलवली नाही. मागच्या लोकांत चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, "पोरी, ऊन वाढतंय, म्हातारी माणसं आहेत." ती म्हणाली, "मला वेळ आहे."

आबांनी एकदा मागे बघितलं. मग झऱ्याच्या कडेने गेलेल्या निळ्या पाइपाकडे. पायाखालचा कातळ तापला होता, आणि त्यावर सावलीला कुठे जागा नव्हती.

"आम्ही," ते म्हणाले.

रेवूने घट भरला. घरात या, असं ती म्हणाली नाही.